किसणी, डबा आणि इस्त्री

तुम्ही दोघांनी शाळेच्या प्रकल्पासाठी तुमच्या गावातल्या इमारतींचे फोटो काढले आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ते एकेक करून आम्हाला दाखवलेत. घुमटाचं कोर्ट आणि त्याच्या पुढचे दगडी खांब. नदीकाठची लाल विटांची गोदामं, ज्यांच्या भिंतींवर कुठल्याशा पिठाची जाहिरात अजून पुसट दिसते. पायऱ्यापायऱ्यांच्या नक्षीचं आर्ट डेको थिएटर. तसली थिएटरं मी कॉलेजात असताना मुंबईत पाहिली होती, त्यामुळे ते एकदम ओळखीचं वाटलं. आणि ते रेल्वे स्टेशन, जिथे आता गाडी थांबत नाही, पण घड्याळ चालू ठेवलं आहे.

मग मोठीने विचारलं, "आजी, आर देअर ओल्ड बिल्डिंग्ज इन कुवेत?"

मी शिक्षिकेच्या सवयीने चटकन उत्तर दिलं. "नाही गं. इथे जुनं ठेवत नाहीत. पाडतात."

मागे सोफ्यावर बसलेले तुमचे आजोबा म्हणाले, "आहेत की."

तुम्ही हसलात. मी हसले नाही, आणि का नाही ते तेव्हा सांगता आलं नाही, कारण ते मागेच बसले होते. आता दुपारची त्यांची झोप चालू आहे. दाराला आतून वरची कडी घातली आहे. म्हणून निवांत लिहिते. तुमची आई म्हणते की आम्ही दोघांनी आता तुमच्याकडेच येऊन राहावं. ते मी इतके दिवस का टाळत होते, हे तुम्हाला यातून कळेल.

आधी इमारती सांगते, मग त्या दिवशीचं.

आम्ही इथे आलो तेव्हा कुवेत सिटीतल्या बऱ्याच इमारती साठ-सत्तरच्या दशकांतल्या होत्या. तेलाचा पैसा नवा होता आणि बाहेरून आलेल्या वास्तुविशारदांना काँक्रीटमध्ये हवं ते करून पाहायची मुभा होती. ऊन अडवायला त्यांनी इमारतींना जाळ्या लावल्या, खोल सज्जे दिले, खिडक्यांवर भुवयांसारखे काँक्रीटचे पडदे काढले. आज पुस्तकांत या शैलीला मॉडर्निझम म्हणतात. आमच्या मराठी मंडळींना हा शब्द ठाऊक नव्हता, आणि इमारतींची अरबी नावं कुणाच्या तोंडात बसत नव्हती. नव्याने आलेल्या माणसाला पत्ता सांगायचा तर कसा? म्हणून कुणीतरी त्यांना घरातली नावं दिली.

तिठ्यावर एक तिकोनी इमारत होती, पुढे निमुळती, मागे रुंद. ती इस्त्री. तिच्यापासून डावीकडे वळलं की गोल मजल्यांची, एकावर एक रचलेली इमारत लागायची, वर टाकीला कडीसारखी कमान. तो डबा. आणि डब्याच्या समोर किसणी. किसणीच्या रस्त्याकडच्या अंगाला वरपासून खालपर्यंत काँक्रीटची जाळी होती, ओळीने गोल भोकं. आजोबांचं ऑफिस त्या जाळीच्या मागे होतं. ते एका व्यापारी कंपनीत अकाउंटंट होते. सकाळचं ऊन जाळीतून आत आलं की त्यांच्या टेबलावर, कागदांवर, हातांवर उजेडाच्या चकत्या पडायच्या आणि दुपारपर्यंत हळूहळू सरकत जायच्या. मी शाळा सुटल्यावर कधीकधी तिथे जायची आणि तळमजल्यावर दगडी बाकावर त्यांची वाट बघत बसायची. बाहेर अंग भाजत असलं तरी तो बाक गार असे. इमारतीचा रखवालदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, तिथेच स्टुलावर बसलेला असायचा. लिफ्ट सदा बिघडलेली. कुणी कुरकुर केली की तो एकच म्हणायचा, "शुवय्या, शुवय्या." म्हणजे सावकाश, जरा थांबा.

मग एकेक करून तिन्ही पाडल्या. आधी इस्त्री, मग डबा, शेवटी किसणी. तोवर आजोबा निवृत्त झाले होते आणि आम्ही इकडे, सिटीबाहेर मंगफला, तुमच्या मामाकडे राहायला आलो होतो. किसणी पाडत होते तेव्हा मी मामाबरोबर गाडीतून जाताना पाहिली. अर्धी कापलेली होती. वरच्या मजल्यांवरची बेसिनं भिंतीला लटकत होती आणि धूळ बसावी म्हणून एक माणूस नळीने पाणी मारत होता. आजोबा आले नाहीत. "उगाच काय बघायचंय," म्हणाले. त्यामुळे त्यांनी ती पडलेली पाहिलीच नाही.

पण नावं गेली नाहीत. आजही गणपतीच्या कार्यक्रमाचा हॉल सांगताना बायका म्हणतात, किसणीच्या मागची गल्ली. मागच्या वर्षी पुण्याहून नवीन आलेली एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, ही किसणी मॅपवर कुठे दिसतच नाही हो!"

"दिसेल कशी? पाडली ती."

"मग मी वळू कुठे?"

"तिथेच," असं चारजणी एकदम म्हणाल्या आणि सगळा हॉल हसला. मीही हसले होते.

त्याच सुमारास आजोबांचं विसरणं वाढायला लागलं. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. हे उलट होतं. जे नाहीसं झालं होतं, तेच आजोबा विसरत नव्हते. नाश्त्याला बसल्यावर म्हणायचे, "आज किसणीची लिफ्ट चालू असली म्हणजे मिळवली." मी पहिल्यांदा दुरुस्त करायची. मग सोडून दिलं. एक मात्र विचित्र होतं. ते कधी चुकत नसत. डब्याच्या कुठल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, इस्त्रीच्या टोकाला कोणतं घड्याळाचं दुकान, हे मला आठवत नव्हतं आणि ते आत्ताच बघून आल्यासारखं सांगायचे.

जूनमधली गोष्ट. सकाळपासून धुळीचं वादळ होतं. अशा दिवशी इथे आकाश पिवळं होतं, मग तांबूस होतं, आणि कशाचीच सावली पडत नाही. उजेड असतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही. खिडक्यांच्या फटींना मी ओले टॉवेल लावले होते आणि पोळ्या करत होते. पोळ्या झाल्या, हाक मारली, उत्तर नाही. बाहेरचं दार नुसतं ओढलेलं होतं. खुंटीवर त्यांची जुनी तपकिरी बॅग नव्हती. ती बॅग ते ऑफिसला न्यायचे.

मामाला फोन लागणं शक्य नव्हतं. तो प्लँटवर जातो तेव्हा फोन गेटवर जमा करावा लागतो. मी आजोबांनाच लावला. त्यांनी उचलला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?"

"कुठे म्हणजे? ऑफिसला आलोय. बसने आलो."

"कुठल्या ऑफिसला?"

"अगं, किसणीत! खाली उभा आहे. लिफ्ट बंद आहे, हा म्हणतो थांबा."

"हा कोण?"

"कोण काय, हारिस. तुला आज झालंय काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या फोनमध्ये वारा नाही. माझ्या खिडक्या थडथडत होत्या. त्यांचा आवाज मात्र मोकळ्या दगडी जागेत येतो तसा येत होता, मागे किंचित घुमणारा. आणि त्या घुमण्यात दुसरा एक आवाज होता, थोडा दूर. "शुवय्या, शुवय्या."

मी एवढंच म्हणाले, "तिथेच बसा. बाकावर बसा. मी येतेय."

शेजारच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडची एक बाई राहते. जाब्रियाच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, मला काकी म्हणते. त्या दिवशी तिची दुपारची ड्यूटी होती म्हणून घरी होती. मी दार वाजवलं, सांगितलं. तिने नमाजाची ओढणी तशीच डोक्यावर ठेवून गाडीची चावी घेतली.

"पाणी घ्या काकी. मीठ-साखरपण घ्या. काकांची बीपीची गोळी झाली?"

"नाही."

"या अल्ला. चला."

बाहेर किती गरम होतं ते मी सांगत बसत नाही. त्या उन्हात, त्या धुळीत, त्यांच्या वयाचा माणूस पाण्याशिवाय किती वेळ तग धरेल हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. गाडीत बसल्यावर तिने आधी पोलिसांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसाने ब्लॉक विचारला, रस्ता विचारला, इमारत विचारली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगू, काकी?"

काय सांगणार? इमारत नाही. रस्ताही तो राहिलेला नाही, नव्या मनोऱ्यांसाठी त्यांनी रस्ते वळवले आहेत. तिने अंदाजाने भाग सांगितला. गाडी पाठवतो म्हणाले.

मी आजोबांना पुन्हा लावला आणि चालूच ठेवला. समुद्राकाठच्या मोठ्या रस्त्याने आम्ही सिटीकडे निघालो. पुढची गाडी दिव्यांपुरती दिसत होती. सिटी आली तेव्हा काचेचे मनोरे दिसायला हवे होते, पण एकही दिसेना. वरचा भाग धुळीने गिळला होता, आणि मग खालचाही. उरले फक्त रस्त्याचे कठडे आणि चार खजुरीची झाडं. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते शहर मनोऱ्यांशिवाय पाहत होते, म्हणजे आम्ही आलो तेव्हा होतं तसं.

"तुमच्या समोर काय दिसतंय?" मी फोनवर विचारलं.

"डबा. या धुळीत कुणीतरी गच्चीवर कपडे वाळत घातलेत. बावळट आहेत."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे इस्त्रीचं टोक. घड्याळवाल्याने शटर ओढलंय. अगं, तू येतेस कुठून?"

शेजारीण गाडी हळू करत म्हणाली, "काकी, तुमच्या या भांड्यांच्या दुकानात गाडी लावू कुठे ते तेवढं सांगा." तिला मला हसवायचं होतं आणि मी हसलेही, थोडी.

मग मला मशीद आठवली. इथे सगळं पाडतात पण मशीद पाडत नाहीत. सिटीत तुम्हाला पार्किंगच्या मधोमध एखादी बुटकी, जुनी मशीद एकटीच उभी दिसेल, भोवतीची वस्ती कधीच गेलेली. इस्त्रीचं टोक असल्याच एका मशिदीच्या मिनाराकडे रोखलेलं होतं. आम्ही गमतीने म्हणायचो, मिनाराला इस्त्री करायची आहे.

"या भागातली जुनी मशीद शोध," मी म्हणाले. "लहान, एका मिनाराची."

ती मॅपवर मिळाली. गाडी लावली, उतरलो. तोंडाला ओढणी बांधली तरी धूळ दातांत करकरत होती. मिनाराला पाठ लावून मी उभी राहिले. समोर काही नव्हतं. पिवळा उजेड, आणि गाड्यांच्या ओळी पुसट. मी डोळे मिटले. उघड्या डोळ्यांनी ते जमलं नसतं. इथे इस्त्रीचं टोक. तिच्या कडेने, फुटपाथवरून, घड्याळवाला, मग टायपिंगचं दुकान, मग डावीकडे. शेजारणीने माझा दंड धरला होता. आपण गाड्यांमधून चाललो आहोत हे मला कळत होतं. तरी पाय फुटपाथ संपेल तिथे आपोआप खाली उतरले, आणि तिथे खरंच एक उंचवटा होता. जुन्या कडेचा दगड, डांबरात अर्धा बुडालेला. ती म्हणाली, "काकी, डोळे उघडा ना. मला भीती वाटते." मी म्हणाले, "थोडं थांब."

डबा डाव्या हाताला असायला हवा तिथे मी वळले आणि डोळे उघडले.

ते बसले होते. तारेच्या कुंपणाच्या अलीकडे, जिथे पार्किंग संपून नुसती वाळू लागते, तिथे जमिनीत मोझेकच्या लाद्यांचा एक तुकडा राहिला आहे. काळ्या-पांढऱ्या खड्यांचा. किसणीच्या तळमजल्याची फरशी. ती कुणी उखडलीच नव्हती. आजोबा तिच्यावर एका पडक्या दगडाला टेकून बसले होते. बॅग मांडीवर, चपला बाजूला नीट काढून ठेवलेल्या.

"आलीस?" ते म्हणाले. "बघ, आता कुठे लिफ्ट सुरू झाली."

मी त्यांचा हात धरला. हात गार होता. उन्हाळी भोवळ येते तेव्हाचा ओलसर गारवा नव्हे. शेजारणीने नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि माझ्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली. ते ठीक होते. ओठही सुकलेले नव्हते. आम्ही पाणी पाजलं, दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. जाताना ते मागे वळले आणि रिकाम्या वाळूकडे बघून कुणाला तरी "शुक्रान", म्हणजे धन्यवाद, म्हणाले, आपण रोज एखाद्याला म्हणतो तसं, सहज.

गाडीत बसवल्यावर शेजारणीने ते सापडल्याचं पोलिसांना कळवलं, आणि मग तिला त्यांच्या शर्टाची पुढची बाजू दिसली. तिने मला कोपराने ढोसलं. पांढऱ्या शर्टावर धूळ बसली होती, बसणारच. पण सगळीकडे सारखी नव्हती. धुळीचे गोल होते, ओळीने, खांद्यापासून पोटापर्यंत, आणि त्या गोलांच्या मधला शर्ट स्वच्छ होता. आम्ही कुंपणाकडे वळून पाहिलं. कुंपणाची तार चौकोनी होती.

मंगफ जवळ आल्यावर ती म्हणाली, "काकी, घरी गेल्यावर तो शर्ट धुऊन टाका."

"हो," मी म्हणाले. धुळीचे कपडे मी घरात ठेवत नाहीच. आल्याआल्या धुतला. आजोबांनी गरम पोळी मागितली, दोन खाल्ल्या, आणि झोपले.

संध्याकाळी मामाने सगळं ऐकलं आणि तुमच्या आईला फोन लावला. तेव्हापासून तुमच्या घरी आमची खोली तयार होते आहे. तुमच्या आईचं म्हणणं बरोबर आहे. इथे मामा दिवसभर बाहेर, शेजारीण ड्यूटीवर, मी एकटी. दाराची कडी किती दिवस पुरणार? तरी मी नाही म्हणत राहिले, आणि तिला वाटलं की मला इथलं घर सुटत नाही. तसं नव्हतं. मला वाटत होतं, इथे ते हरवले तर कुठे जातील हे मला ठाऊक आहे. ज्या शहरात ते जातात ते मलाही तोंडपाठ आहे, डोळे मिटून चालता येईल इतकं. तुमच्या गावात ते हरवले, तर मी कुठल्या मिनाराला पाठ लावून उभी राहू?

म्हणून मी तुमचे फोटो बाहेर काढले. गेले काही आठवडे आम्ही दोघं रोज संध्याकाळी टॅबलेट घेऊन बसतो आणि तुमच्या इमारतींना नावं देतो. घुमटाचं कोर्ट म्हणजे मोदकपात्र. हे त्यांनीच सुचवलं. विटांच्या गोदामांना खोके. थिएटरला मी पायरी म्हणत होते, ते म्हणाले, "छे, ती तर वाटीवर वाटी आहे," मग ते वाट्या झालं. रोज विचारते, खोक्यांवरून मोदकपात्राला कसं जायचं? नदी उजवीकडे ठेवून, असं ते बरोबर सांगतात. तुमच्या आईला मी काल होकार कळवला. थंडी सरली की आम्ही येऊ.

आता एक काम तुमच्यासाठी. प्रकल्प झाला असला तरी हे करा. मोदकपात्राच्या शेजारी तुमच्या फोटोत एक मोकळी पार्किंगची जागा दिसते. परवा तो फोटो आजोबांसमोर होता. बराच वेळ ते त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही कुणाची गं?"

"काय कुणाची? तिथे पार्किंग आहे."

"हीच. गोल खिडक्यांची इमारत. वर बाई उभी आहे."

मी फोटो मोठा करून पाहिला. दोन गाड्या आणि एक दिव्याचा खांब आहे. तिथे पूर्वी काही होतं का, असलं तर कसं होतं, दार कुठल्या बाजूला होतं, हे लायब्ररीत किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. नीट विचारा, अंदाजाने सांगू नका. तुमच्या आजोबांना शोधायला मला ते लागणार आहे.